लाकडी गलबतासाठी मिनी ड्रिल कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीत, फ्लॅटच्या बाल्कनीत, १:४८ प्रमाणात सागवानी पट्ट्यांचं गलबत करताय. फळ्या सांगाड्यावर बसवायला बांबूच्या बारीक खुंट्या वापरायच्या आहेत आणि त्यासाठी ०.८ मिमीची काहीशे भोकं पाडायची आहेत. शिवाय पितळी पट्टीचं थोडं काम आणि वर झाकायला ॲक्रिलिकची पेटी. ऑनलाइन मागवलेल्या १२ व्होल्टच्या मिनी ड्रिलवर ०.८ची सात बिटं (भोक पाडायची टोकं) दोन दिवसांत तुटली आणि ॲक्रिलिकला भोक पडायच्या ऐवजी ते वितळलं. आता हाताशी सात हजार रुपये आहेत. शंभर नगांच्या पेटीसकट येणारं रोटरी टूल (घासायचं-कापायचं हातातलं फिरतं यंत्र) घ्यावं, न्यू जर्सीतल्या चुलतभावाचं जुनं ड्रेमेल, म्हणजे त्याच जातीचं यंत्र, मागवावं, की घरातल्या भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलवर भागवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात इमारतींची मॉडेल्स करते. जहाजं हा माझा स्वतःचा नाद. या काळात दहा-बारा लहान यंत्रं हाताखालून गेली, त्यावरून ठामपणे सांगते की तुमचा हात जड नाही आणि सागवानही वाईट नाही. दोष यंत्राच्या तोंडाशी आहे, जिथे बिट पकडलं जातं. दुसरा दोष वेगाचा. या दोन गोष्टी नीट कळल्या की काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल, म्हणून ब्रँडची नावं नंतर घेते.

तुमच्या ड्रिलचं तोंड जवळून बघा. मोटरच्या दांड्यावर पितळेची नळी बसवलेली असेल आणि ती बाजूने एका बारीक स्क्रूने आवळलेली असेल. गोम तिथेच आहे. स्क्रू एका बाजूने दाबतो, त्यामुळे नळी केसभर दुसऱ्या बाजूला सरकते. मग बिट स्वतःभोवती सरळ फिरत नाही, झोका घेत फिरतं. वर्कशॉपमध्ये याला रनआउट म्हणतात. ३ मिमीच्या बिटाला ०.१ मिमीचा झोका पचतो, भोक जरा मोठं पडतं इतकंच. ०.८च्या बिटाला तोच झोका म्हणजे त्याच्या जाडीचा आठवा हिस्सा. टोक लाकडात रुतलं की ते जागचं हलू शकत नाही, पण मागचा भाग झोके घेतच राहतो, म्हणजे मिनिटाला हजारो वेळा बिट इकडून तिकडे वाकतं. तार बोटांनी पुढेमागे वाकवत राहिलं की शेवटी तुटते ना, तसंच ते तुटतं. तुमची बिटं बहुतेक भोकाच्या नाहीतर नळीच्या तोंडाशीच तुटली असतील.

यंत्र विकत घेण्याआधी मी एक चाचणी करते. खिशात शिवणाची एक सरळ सुई नेते. नेढ्याची बाजू यंत्राच्या तोंडात खोलवर घालायची, आवळायचं, चष्मा लावायचा आणि सगळ्यात कमी वेगावर यंत्र चालू करून मागे पांढरा कागद धरायचा. सुईचं टोक स्वच्छ एक दिसलं तर यंत्र घेण्याजोगं आहे. टोकाच्या जागी धूसर पंखा दिसला, किंवा एकाची दोन टोकं दिसली, तर ते यंत्र बारीक भोकांच्या कामाचं नाही, मग ते कितीही वॅटचं असो. एकदा सुई सैल करून पाव फेरा फिरवून पुन्हा आवळावी आणि पुन्हा बघावं. कधीकधी सुईच वाकडी असते, कधी यंत्राच्या तोंडात कीस अडकलेला असतो. दोनतीनदा पाहिल्यावरच निकाल द्यावा. दुकानदार पहिल्यांदा चकित होतात, मग स्वतःच दुसरा पीस काढून सुई लावून दाखवतात.

बिट पकडायच्या दोन पद्धती असतात. कोलेट म्हणजे चिरलेली नळी. ती ठराविक जाडीचाच दांडा पकडते, पण मधोमध पकडते. चक म्हणजे तीन दातांचा पंजा. तो कुठलीही जाडी पकडतो, पण लहान यंत्रांवरचे स्वस्त चक फारसे सरळ फिरत नाहीत. ड्रेमेलच्या कोलेटचे माप ३.२, २.४, १.६ आणि ०.८ मिमी असे चार. दर वेळी कोलेट बदलायचा कंटाळा येतो, म्हणून बहुतेक लोक चाव्याविना चालणारा चक घेतात आणि सूक्ष्म कामात फसतात. यावर माझा जुना उपाय असा: बारीक बिटं घेतानाच जाड दांड्याची घ्यायची. टोक ०.८चं, दांडा मात्र २.३५ किंवा ३.२ मिमीचा. सगळ्या बिटांचा दांडा एकाच मापाचा ठेवला की कोलेट एकदा बसवला तो कायमचा. आणि रिकाम्या कोलेटची नट कधी आवळू नका. आत दांडा नसताना आवळली तर कोलेट चेपतो आणि पुढे कुठलंच बिट सरळ धरत नाही.

आता वेग. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘३३,००० आरपीएम’ (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे) छापलेलं असतं आणि घेणारा तेवढंच बघतो. मॉडेल करणाऱ्याने उलटा प्रश्न विचारायचा: हे यंत्र सगळ्यात हळू किती फिरतं, आणि हळू फिरताना जोर टिकवतं का?

हिशेब सोपा आहे. बिटाची धार लाकडावरून किती वेगाने सरकते ते महत्त्वाचं. बिटाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, ३.१४ने गुणा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि १,०००ने भागा. मिनिटाला किती मीटर ते मिळतं. साध्या लोखंडात हायस्पीड स्टीलच्या बिटाला मिनिटाला २५ ते ३० मीटर हा बरा वेग धरतात, पितळेत साधारण दुप्पट चालतो. म्हणजे ३ मिमीच्या बिटाला लोखंडात ३,००० फेरे पुरे आणि पितळेत ६,०००च्या आसपास. तुमच्या मनात असलेलं यंत्र जर १०,०००च्या खाली येतच नसेल, तर ३ मिमीचं बिट त्यावर पितळेतसुद्धा हक्कापेक्षा जास्त पळतं, लोखंडात तर तीन पटींहून अधिक. धार तापते, निळी पडते आणि बिट गेलं.

याच हिशेबाने ०.८च्या बिटाला पितळेत चांगले २४,००० फेरे हवेत असं उत्तर येतं, आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. कागदावर ते बरोबर आहे. सर्किट बोर्डांच्या कारखान्यात बारीक भोकं पाडणारी यंत्रं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात. पण तिथे बिट यंत्राच्या घट्ट चौकटीत असतं, खाली-वर सोडलं तर कुठे हलत नाही. तुमच्या हातात ते नाही. हाताने धरलेलं बिट जरा कललं की तुटतं, आणि वेग जितका जास्त तितकं सावरायला कमी मिळतं. वेग कमी ठेवला तर भोक पडायला जास्त वेळ लागतो, दुसरं काही बिघडत नाही. म्हणून हाताने धरलेल्या यंत्रावर मी १ मिमीखालच्या बिटाला ५,००० ते ८,०००च्या वर जाऊ देत नाही. टंगस्टन कार्बाइडची सर्किट बोर्डाची बिटं स्वस्तात दहा-दहाच्या डबीत मिळतात, ती मात्र हातातल्या यंत्राला लावूच नका. ती काचेसारखी ठिसूळ असतात. ड्रिल उभं धरून ठेवणाऱ्या स्टँडवरच चालतात. हातासाठी हायस्पीड स्टील.

तुमचं ॲक्रिलिक वितळलं त्याचंही कारण हेच. ॲक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, प्लास्टिक किटमधलं पॉलिस्टायरिन त्याच्याही थोडं आधी. ३ मिमीचं बिट १५,०००वर चालवलं तर धार मिनिटाला १४१ मीटर धावते. सगळी उष्णता भोकातच साठते, कारण ॲक्रिलिक ती वाहून नेत नाही. कीस सुट्टा पडत नाही, बिटाच्या खाचेत गोळा होऊन चिकटतो, तो घासून आणखी तापतो, आणि यंत्र थांबलं की बिट आतच थिजतं. ॲक्रिलिकला मी खाली प्लायचा टाकाऊ तुकडा घट्ट लावते, वर मास्किंग टेप चिकटवते, हळू वेगावर दोन सेकंद दाबते, वर उचलते, ब्रशने कीस झटकते, पुन्हा दाबते. साबणाच्या पाण्याचा एक थेंब. कीस पांढऱ्या, सुट्या दोऱ्यासारखा निघाला पाहिजे. तो मऊ, चिकट वाटला की समजायचं वेग जास्त झाला. खालच्या बाजूने बिट बाहेर पडायच्या क्षणी दाब जवळजवळ काढून घ्यायचा, नाहीतर तिथे कपचा उडतो.

आता खरेदी. सात हजारांतले पहिले सहा-सातशे पिन व्हाइस आणि चांगल्या बिटांवर घाला. पिन व्हाइस म्हणजे बोटभर लांबीचा दांडा, पुढे बारीक कोलेट, मागे तळहातात किंवा तर्जनीखाली मोकळी फिरणारी टोपी. तामिया या जपानी कंपनीचा ०.१ ते ३.२ मिमी पकडतो, साधे भारतीय बनावटीचेही बरे असतात. फक्त मागची टोपी मोकळी फिरते का ते बघा. ती अडत असेल तर बोटाला घट्टे पडतात. बिटांचा ६१ ते ८० नंबरचा वीस नगांचा डबा मिळतो, त्यात ०.९९ ते ०.३४ मिमीपर्यंत सगळं येतं. डब्यातली बिटं सराव म्हणून ठीक. तुम्हाला ०.८ हेच माप शेकड्याने लागणार आहे, तर त्याच मापाची चांगल्या कंपनीची दहा बिटं सुटी घ्या.

विजेच्या यंत्राबद्दल विचारलं आणि ही हाताने फिरवायच्या हत्याराबद्दल सांगते, असं वाटेल. पण करून बघा. सागवानी पट्टीवर टोच्याने खूण करा, नुसती टेकवून अर्धा फेरा. बिट खुणेत ठेवा, टोपीवर तर्जनी, अंगठा आणि मधल्या बोटाने दांडा फिरवा. पहिले दोन फेरे दाब न देता, नुसतं बिटाचं वजन. मग कानाजवळ घेतलं तर बारीक किर्र असा आवाज येतो आणि बिटाच्या खाचेतून पिवळसर भुकटी वर येते. तीन-चार फेरे झाले की बिट बाहेर काढून फुंकर मारायची. ३ मिमी जाडीच्या पट्टीत आरपार जायला मला पंचवीस-तीस फेरे लागतात, अर्ध्या मिनिटाच्या आत. दाण्याच्या उभ्या रेषेत कठीण पट्टा आला की बिट तिकडे ओढलं जातं, आणि ते बोटांना आधी कळतं. यंत्रावर ते कळेपर्यंत बिट तुटलेलं असतं. जुने सुतार धनुकलीने सामता (भोकं पाडायचं हत्यार) फिरवायचे तेव्हा त्यांचाही सगळा भरवसा या हातातल्या जाणिवेवरच होता. पहिली पन्नास भोकं पिन व्हाइसने पाडा. नंतर यंत्र हातात घ्याल तेव्हा किती दाबायचं हे हाताला ठाऊक असेल.

पितळेची एक खोड सांगून ठेवते, कारण ती कुठल्या माहितीपत्रकात नसते. नवं धारदार बिट पितळेत कापता कापता एकदम आत खेचलं जातं, स्क्रू शिरावा तसं. पातळ पट्टी असेल तर बिटासकट वर उचलली जाते आणि गरगरते. बिटाच्या दोन्ही धारांचं तोंड तेलाच्या दगडावर अगदी दोन घासांत सपाट करून घ्यायचं. धार खणायच्या ऐवजी खरवडायला लागते आणि खेचणं थांबतं. ही सपाट केलेली बिटं वेगळ्या डबीत ठेवा, तीच ॲक्रिलिकलाही छान चालतात. पितळी पट्टी बोटांत धरून भोक पाडू नका. लाकडाच्या तुकड्यावर दुहेरी टेपने चिकटवा आणि दोन बाजूंनी छोटे क्लॅम्प लावा.

आता तुमचे तीन पर्याय.

घरातलं भिंतीचं ड्रिल बाजूला ठेवा. १३ मिमीच्या चकचा पंजा सहसा दीड मिमीखाली मिटतच नाही, वजन दीड-दोन किलो, आणि इम्पॅक्टच्या यंत्रात दांडा पुढेमागे हलायला जागाच ठेवलेली असते. बॅटरीवरचा छोटा स्क्रूड्रायव्हर-ड्रिल घरात असेल तर गोष्ट वेगळी. तो हळू फिरतो, खटक्यावर वेग सांभाळता येतो. सांगाड्याची २-३ मिमीची भोकं मी त्यावरच पाडते.

शंभर नगांचं रोटरी टूल. आपल्याकडे सगळ्यालाच ड्रेमेल म्हणतात. १९३२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रसीन गावी, अल्बर्ट ड्रेमेल यांनी काढलेल्या कंपनीचं ते नाव, आता ती बॉशच्या मालकीची आहे. यंत्र उत्तम. पण ते मुळात घासायला, कापायला, कोरायला केलेलं आहे, भोकं ही त्याची जोडकामं. ड्रेमेल ३००० हे १३० वॅटचं मॉडेल १०,००० ते ३३,०००मध्ये फिरतं. वर सांगितलेला हिशेब लावून बघा, तुमच्या मुख्य कामाला हवा तेवढा कमी वेग त्यात मिळतच नाही. ४००० हे मॉडेल ५,०००पर्यंत उतरतं, १७५ वॅटचं आहे आणि दाब आला तरी वेग टिकवतं, पण महाग आणि मुठीत जाड. प्रॉक्सन या जर्मन कंपनीचं मायक्रोमॉट ५०/ई हे १२ व्होल्टवर चालणारं पेनाएवढं ड्रिल ५,००० ते २०,०००मध्ये फिरतं, वजनाला पाव किलोच्या आत, आणि त्याचे पोलादी कोलेट मी पाहिलेल्या लहान यंत्रांत सगळ्यात सरळ. ते मागवून घ्यावं लागतं आणि तुमच्या बजेटमध्ये ॲडॅप्टरसकट बसवायला ओढाताण होईल. बसलं तर डोळे मिटून घ्या.

नाव नसलेली पेनासारखी ड्रिलं टाकाऊ असतात असं मी म्हणत नाही. माझ्याकडच्या एका तशाच ड्रिलने टाउनशिपच्या मॉडेलला झाडं लावायची आठशेच्या वर भोकं एमडीएफमध्ये (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीत) पाडली, १.२ मिमीची. ती जाडी त्याला झेपते. घेताना वेगाचं बटण आहे ना ते पाहा आणि सुईची चाचणी करा. वेगासाठी ॲडॅप्टरच्या मागे पंख्याचा रेग्युलेटर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ॲडॅप्टर जळू शकतो.

आणि आता ते यंत्र, ज्याचं नाव तुमच्या यादीत नाही, पण तुमच्या जागी मी असते तर जे घेतलं असतं. सोनारांच्या दुकानात पाहिलं असेल, भिंतीवरच्या हुकाला मोटर लटकते, तिच्यातून काळी लवचीक शाफ्ट खाली येते, टोकाला पेनासारखा हँडपीस, आणि पायाखाली पेडल. भारतात बनतात, झवेरी बाजारात किंवा कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्याजवळ दागिन्यांची हत्यारं विकणाऱ्याकडे मिळतात, दुरुस्तही तिथेच होतात. जड मोटर भिंतीवर आणि हातात फक्त हँडपीस, त्यामुळे दोन तास काम केलं तरी मनगट दुखत नाही. पायाने वेग जवळजवळ शून्यापासून वाढवता येतो. बिट खुणेवर टेकवायचं, मग हळूच पाय दाबायचा, बिट लाकडात शिरलं की थोडा वेग, बाहेर पडायच्या आधी पाय उचलायचा. दोन्ही हात मोकळे. चकचा हँडपीस घ्या, तो ४ मिमीपर्यंत पकडतो. सोबत झटपट बदलायचा २.३५ मिमीचा हँडपीस मिळाला तर दाताच्या डॉक्टरांच्या पुरवठादारांकडची नवी बर (कोरायची दातेरी टोकं) त्यात बसतात, लाकूड कोरायला अप्रतिम. (वापरलेली बर कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.) शाफ्ट तीव्र वाकू द्यायची नाही, मोठ्या कमानीत लटकली पाहिजे, आणि अधूनमधून आतल्या तारेला ग्रीसचा पातळ हात. फ्लॅटच्या बाल्कनीत गजाला हुक लावून ती सहज लटकेल. आवाजही रोटरी टूलच्या किंचाळण्यापेक्षा बराच कमी.

चुलतभावाचं ड्रेमेल. मागवण्याआधी त्यांना यंत्रावरच्या, व्होल्ट लिहिलेल्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. अमेरिकेतलं वायरचं यंत्र १२० व्होल्टचं असतं. प्लगला नुसता ॲडॅप्टर लावून आपल्या २३० व्होल्टला जोडलं तर काही क्षणांत जळेल. व्होल्ट उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर मात्र नीट चालतं. अशा यंत्रांतली मोटर कार्बन ब्रशची असते, तिला ५० की ६० हर्ट्झ याने फरक पडत नाही. पट्टीवर १.२ अँपिअर लिहिलं असेल तर १.२ गुणिले १२० म्हणजे १४४ व्होल्ट-अँपिअर (व्हीए), दुप्पट धरून ३०० व्हीएचा गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासातले चिमुकले कन्व्हर्टर नकोत. बॅटरीचं यंत्र असेल तर चार्जरवर १००-२४० लिहिलंय का तेवढं बघा. लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. फुकट येत असेल तर ते पितळ कापायला आणि घासायला जरूर आणा, मात्र बारीक भोकांसाठी त्यावर अवलंबून राहू नका.

शंभर नगांच्या पेटीबद्दल. त्यातले मी खरोखर वापरते ते असे: सँडपेपरचे छोटे ड्रम, दोन-तीन हिऱ्याच्या कणांची टोकं, एक बारीक गोल बर आणि कापायच्या चकत्या. पेटीतली बाकीची चाकं, दगड, फेल्ट वर्षानुवर्षं तशीच राहतात. आणि पेटीतली बिटं तर सगळ्यात आधी तुटतात. तेवढ्या पैशांत चार चांगले नग सुटे घेतलेले बरे.

चकत्यांवर मात्र थांबते. पितळी पट्टी कापायला लाल-तपकिरी पातळ चकती फार सोयीची. २२ मिमीची चकती ३०,०००वर फिरली की तिची कड सेकंदाला ३४ मीटरहून जास्त वेगाने जाते. ती जरा तिरकी झाली की फुटते. २००९ साली माझ्या हातातली अशी एक चकती फुटली. आवाज आला, यंत्र हलकं झालं, आणि मला वाटलं पट्टी कापली गेली. चष्मा काढला तर डाव्या काचेवर बुबुळाच्या बरोबर समोर चंद्रकोरीसारखा पांढरा ओरखडा होता. तो नंबरचा चष्मा होता, बाजूंनी उघडा. त्या दिवसापासून बाजू बंद असलेला संरक्षक चष्मा घातल्याशिवाय यंत्राचं बटण मी दाबत नाही आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कोणालाही दाबू देत नाही. चकती फिरते त्या पातळीत चेहरा ठेवायचा नाही, यंत्र जरा बाजूला धरायचं. जाळीचा धागा घातलेल्या चकत्या महाग पडतात, पण त्या सहसा तुकडे होऊन उडत नाहीत, त्याच घ्या. तारेचा ब्रश १५,०००च्या वर नेऊ नका, तारा सुटून कपड्यांत सुयांसारख्या रुततात.

दुसरी गोष्ट कपड्यांची. लटकत्या मोटरच्या हँडपीसने एकदा माझ्या ओढणीचं टोक पकडलं. पेडलवरून पाय काढेपर्यंत दोन वीत कापड गुंडाळून हँडपीस गळ्याजवळ आला होता. पायाचं पेडल होतं म्हणून लगेच थांबलं, बटणाचं यंत्र असतं तर काय झालं असतं ते मला आजही विचार करवत नाही. केस बांधून, बाह्या वर करून, गळ्यातलं सगळं काढूनच बसायचं. हातमोजेही नकोत, फिरत्या बिटाला ते आधी सापडतात.

सागवानाची भुकटी अनेकांना बाधते, अंगाला खाज येते, पुरळ उठतं, नाक-घसा चुरचुरतो. ड्रमने घासत असाल तेव्हा साधा कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा, आणि बाल्कनीचं दार घराच्या बाजूने बंद ठेवा. सुकत घातलेले कपडे आधी आत घ्या.

स्टँड आत्ता घेऊ नका. स्वस्त स्टँडची मान हलते, आणि हलती मान हातापेक्षा वाईट. पुढे तोफांचे किंवा दोरी ओढायच्या कप्प्यांचे एकसारखे शंभर नग करायची वेळ आली तर मान धरून हलवून बघून, न हलणारा घ्या.

खुंट्यांच्या मापाचा एक मुद्दा राहिला. १:४८मध्ये ०.८ मिमी म्हणजे प्रत्यक्षात ३८ मिमी, जाडीला ठीक दिसेल. बांबूच्या काड्या तासून थेट ०.८ला आणणं जमत नाही. सोनार तार ओढायला भोकांची पोलादी पट्टी वापरतात, तिच्यातून एकेक भोक बारीक करत ओढा. मोटर घ्यायला झवेरी बाजारात जाल तेव्हा ती पट्टी त्याच दुकानात मिळेल. बिटं नागदेवी स्ट्रीटला बघा, पेनासारखं ड्रिल हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला. खिशात सुई असू द्या. मोटर घेताना कार्बन ब्रशची एक जोडी आणि हँडपीसच्या चकची जास्तीची चावी मागून घ्या. चावी हमखास हरवते, ती दोरीने पेडलच्या वायरीला बांधून ठेवा, आणि बिट आवळून झालं की चावी चकमधून काढल्याशिवाय पाय पेडलवर ठेवू नका.